हिंगणघाट ते इंफाळ: आमची वाटचाल

संगणकाच्या खेळात १९४४ सालच्या हॉलंडवरून विमान उडवायचं असेल, तर आजच्या फ्लेव्होलँड प्रांताचा बराचसा भाग आधी पाण्यात बुडवावा लागतो. त्याचा पूर्वेकडचा भाग १९५७ मध्ये कोरडा झाला, दक्षिणेकडचा १९६८ मध्ये. महायुद्धातल्या वैमानिकाला तिथे नुसतं आयसेलमेअर सरोवराचं पाणी दिसायचं. आयत्या उपग्रह नकाशावर मात्र तिथे शहरं आहेत, महामार्ग आहेत, शेतं आहेत. ते सगळं पुसून जुना किनारा पुन्हा आखायचा, हे आमच्या फर्मला मिळालेलं या क्षेत्रातलं पहिलं काम. लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरसाठी युद्धकाळातले नकाशे करणं हा आज आमचा मुख्य धंदा आहे आणि तो हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यातून चालतो.

सुरुवात साधीच होती. मी भूगोलात एमए, मावसभाऊ आयटीआयचा ड्राफ्ट्समन. जुने गावनकाशे स्कॅन करून संगणकावर आखून द्यायचं काम आम्ही दुसऱ्यांच्या हाताखाली घेत होतो. रात्री दोघंही ‘आयएल-२’ हा लढाऊ विमानांचा खेळ संगणकावर खेळायचो. त्यातल्या काही मोहिमांचे नकाशे जगभरच्या हौशी लोकांनी केलेले होते. ते उघडून बघितले तेव्हा ध्यानात आलं, की हे तर आपलंच काम आहे, फक्त गाव दुसरं आहे. नमुने करून पाठवत राहिलो, आणि युरोपातल्या एका लहान गटाकडून हॉलंडचा तुकडा मिळाला.

आमचे मामा भूमी अभिलेखातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालेले. जुन्या शीटवरची नदी आणि आजच्या चित्रातली नदी जुळेना म्हणून आम्ही डोकं धरून बसलो, की ते म्हणायचे, “पयले पक्के गोटे पाहाजो बाप्पा, मंग धुरे ओढजो.” नदी पात्र बदलते, रस्ता सरकतो, गाव उठून जातं. डोंगराचं शिखर हलत नाही. आजही प्रत्येक शीट आम्ही शिखरांवरूनच बसवायला घेतो.

पण आमचा जीव ज्यात गुंतला ते काम इंफाळचं. मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्याने बर्मातली चिंदविन नदी ओलांडून इंफाळ आणि कोहिमावर चाल केली. दिमापूरहून येणारा रस्ता तुटला आणि २२ जूनला तो पुन्हा खुला होईपर्यंत खोऱ्यातलं सैन्य विमानांच्या भरवशावर लढलं. बर्माच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अराकानमधली पाचवी भारतीय डिव्हिजन तोफा-खेचरांसकट विमानांनी इथे आणली गेली. अर्जन सिंग यांची भारतीय हवाई दलाची एक नंबर स्क्वाड्रन इथूनच हरिकेन विमानं उडवत होती. अर्जन सिंगांना डीएफसी हे शौर्यपदक मिळालं ते याच मोहिमेत. आपल्या माणसांचं एवढं मोठं युद्ध, आणि बहुतेक नकाशे युरोपचे. म्हणून कोणाची ऑर्डर नसताना आम्ही हे खोरं हाती घेतलं.

सगळ्यात जास्त वेळ लोकटाक सरोवराने खाल्ला. १९८३ मध्ये इथाईचा बंधारा झाला आणि तेव्हापासून सरोवर बारा महिने भरलेलं राहतं. आजचं चित्र जसंच्या तसं उचललं, तर १९४४ च्या उन्हाळ्यात जिथे चराई आणि भातखाचरं होती तिथे पाणी येतं. काठाची प्रत्येक वळणरेषा आमच्याकडच्या मुलीने जुन्या शीटवरून हाताने ओढली. मग प्रश्न आला मोसमाचा. लढाई मार्चमध्ये पेटली आणि भर पावसात संपली. मार्चमधली खाचरं करडी, भेगाळलेली. जूनमध्ये तीच आरशासारखी चमकणारी. खाली उतरणाऱ्या वैमानिकाला खुणा वेगळ्या दिसणार, म्हणून आम्ही दोन नकाशे केले, कोरडा आणि पावसाळी. विमानतळ सहा: इंफाळ मेन, पळेल, तुलिहाल, कांगला, वांगजिंग, सापाम. इंफाळ मेन म्हणजे आजचं कोईरेंगेई, आणि तुलिहालच्या जागी आज इंफाळचा मोठा विमानतळ आहे. तिथली आजची लांबलचक धावपट्टी काढून जुनी आखूड पट्टी बसवावी लागली. बर्माच्या आघाडीवर धावपट्ट्यांसाठी भोकं पाडलेल्या पोलादी पट्ट्या वापरत, तसंच डांबरात भिजवलेलं गोणपाटही अंथरत. वरून दोन्हींचा रंग आणि चमक वेगळी दिसते, आणि तो फरक आम्ही ठेवला आहे.

उंचीचा डेटा फेब्रुवारी २००० मध्ये स्पेस शटलवरच्या रडारने घेतलेला, जवळपास ३० मीटरला एक बिंदू. दाट जंगलात हे रडार जमिनीपर्यंत पोचत नाही, झाडांच्या माथ्याजवळचीच उंची देतं. त्यामुळे पूर्वेच्या डोंगरांवर उंची कमी करत जावं लागतं. शिवाय जुन्या भारतीय नकाशांचा पाया १८३० च्या एव्हरेस्ट लंबगोलाचा, म्हणजे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी मांडलेल्या पृथ्वीच्या आकाराचा. तो आजच्या जीपीएसच्या पायावर आणला नाही, तर इंफाळकडे सगळं तीनेकशे मीटर बाजूला पडतं. एव्हरेस्ट ज्यांच्या हाताखाली तयार झाले ते कर्नल विल्यम लॅम्टन मोजणी करत उत्तरेला जाताना २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. नवा मुलगा कामाला लागला की आम्ही त्याला आधी ती दाखवून आणतो. आपल्या मातीत हे काम नवं नाही, हे त्याला कळायला हवं.

पैशाची बाजूही सांगतो. एका परदेशी स्टुडिओने काम अर्ध्यात गुंडाळलं आणि शेवटचा हप्ता आलाच नाही. त्या वर्षी शेतमोजणी आणि ड्रोनच्या कामांनी आम्हाला तारलं. मोठ्या फायली वर चढवायला इथलं इंटरनेट अपुरं पडायचं, तेव्हा हार्डडिस्क घेऊन भाऊ नागपूरला जायचा. आता फायबर आलं, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या वाढवल्या. काम करणारी सगळी पोरं-पोरी आसपासच्या गावांतली. पुण्याला चला, असं बरेच जण सुचवतात. आम्हाला गरज वाटत नाही.

सध्या अराकानची आघाडी हाती आहे: कॉक्स बाजार, माँगडॉ, नाफ नदी. तिथल्या खाड्यांत भरती-ओहोटीने किनारा दिवसातून दोनदा सरकतो. नकाशात नेमका कोणत्या वेळेचा किनारा धरायचा, यावर भावाचं आणि माझं अजून जमलेलं नाही.