घात केला तो टेलविंडने (फुल डिस्टन्स ट्रायथलॉन, ऊन आणि वारा)

रेसच्या आदल्या दिवशी ब्रीफिंगला दोन गोष्टी कळल्या. पाण्याचं तापमान 25 च्या वर आहे त्यामुळे वेटसूट, म्हणजे पोहण्याचा रबरी सूट, नाही (एज ग्रुपवाल्यांना, म्हणजे हौशी स्पर्धकांना, मर्यादा 24.5 अंश), आणि दुपारी ताशी 30 किमी वारा. हॉलमध्ये सगळे वाऱ्याबद्दलच बोलत होते, हेडविंड (समोरचा वारा) कसा असेल, पाय किती जातील, वगैरे. मीपण तेच बोलत होते. टेलविंडची (पाठीवरच्या वाऱ्याची) भीती कुणालाच नव्हती, उलट परत येताना मजा आहे म्हणत होतो.

3.8 किमी स्विम, 180 सायकल, 42.2 रन आणि कटऑफ 17 तास. ही अंतरं 1978 मध्ये हवाईत पहिल्यांदा रेस झाली तेव्हापासून तीच आहेत, तेव्हा 15 जण सुरू झाले आणि 12 पोचले. माझं ध्येय एवढंच, की त्या 12 मधली व्हायचं.

तयारी सांगते आधी. रेसच्या दोन आठवडे आधी मी ट्रेनरवर (घरात जागेवरच सायकल मारायचं स्टँड) पंखा बंद करून सायकल मारायला लागले, अंगात जॅकेट, आणि नंतर गरम पाण्यात वीस मिनिटं बसणं. घरच्यांना वाटलं डोकं फिरलंय. पण 10 ते 14 दिवसांत शरीर खरंच बदलतं, रक्तातला प्लाझ्मा वाढतो, घाम लवकर सुरू होतो, त्याच वॉट्सला (पायांनी लावलेल्या ताकदीला) हार्ट रेट कमी दिसतो. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात गळून गेले होते, बाराव्या दिवशी दीड तास झाला. शिवाय एक तास काही न पिता सायकल मारून आधी-नंतर वजन केलं, 1.1 किलो कमी, म्हणजे तासाला साधारण 1.1 लिटर घाम. त्यावरून ठरवलं की तासाला 800 मिली प्यायचं आणि सोबत मीठ. नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते डिहायड्रेशनपेक्षा वाईट पडू शकतं, हे नवीन लोकांना कुणी नीट सांगतच नाही.

चाकांबद्दल खूप डोकं खाल्लं मी सगळ्यांचं. माझ्याकडे उधारीची 60 मिमीची डीप व्हील्स (उंच रिमची चाकं) होती, दिसायला एकदम भारी, पण क्रॉसविंडमध्ये (बाजूच्या वाऱ्यात) पुढचं चाक शिडासारखं वारा धरतं. हवाईतल्या कोनाच्या रेसला डिस्क व्हीलवर (पूर्ण बंद चाकावर) वर्षानुवर्षं मनाई राहिली ती याच कारणाने. शेवटी पुढे साधं उथळ रिम लावलं, मागे डीप ठेवलं. दिवसभरातला माझा एकमेव पूर्ण शहाणा निर्णय.

स्विमबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लाटा होत्या, बॉय (रस्ता दाखवणारे तरंगते फुगे) दिसत नव्हते, खारट पाणी भरपूर प्यायले, 1 तास 31 मिनिटांत बाहेर.

सायकलचा रूट 45 किमी सरळ जायचं आणि परत यायचं, असे दोन लूप. जाताना वारा तोंडावर. एरोबारवर (हँडलच्या पुढच्या दांड्यांवर) डोकं खाली घालून 150 वॉट धरले, स्पीड 24, हार्ट रेट 138. बाजूने लोक ओव्हरटेक करत होते आणि मी मनात म्हणत होते जा बाबांनो जा. हेडविंडमध्ये हवेचा विरोध अंगावर येणाऱ्या हवेच्या वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे तिथे भांडून मिळतं फार थोडं आणि पाय मात्र जातात, हे मला पाठ होतं. एक झोत असा बाजूने आला की बाटली काढायला हात सोडला होता तो तसाच हँडलवर आदळला आणि बाटली गेली रस्त्यावर. नेमकी मिठाची. थांबायला हवं होतं, नाही थांबले.

45 ला वळले आणि स्वर्ग! आवाज बंद. वारा पाठीवर, 140 वॉटला 34 चा स्पीड, वाटलं आजचा दिवस आपलाच. पण दहा मिनिटांत टॉप ट्यूबवर (सायकलच्या वरच्या दांडीवर) घाम टपटप पडायला लागला. घड्याळात बघते तर हार्ट रेट 146, म्हणजे वॉट कमी आणि ठोके जास्त. हे काय चाललंय कळेना.

नंतर हिशोब लागला आणि स्वतःचाच राग आला. जाताना मी 24 ने आणि समोरून वारा 30 चा, म्हणजे अंगावर 54 ची हवा, घाम आल्या आल्या उडून जायचा आणि शरीर थंड राहायचं. येताना मी 34 ने आणि वारा त्याच दिशेने 30 चा, म्हणजे अंगावर हवा फक्त 4 ची! बंद खोलीत पंखा बंद करून ट्रेनर मारण्यासारखंच, वर डोक्यावर दुपारचं ऊन. मी दोन आठवडे घरात ज्याची प्रॅक्टिस केली तेच समोर आलं होतं आणि मला ओळखता आलं नाही, कारण स्पीड बघून खूश होते. हेडविंडची गंमत अजून वेगळी, तिथे घाम दिसतच नाही म्हणून पाणी कमी प्यायलं जातं. म्हणजे जाताना तहान लपली आणि येताना उकडून निघाले.

पहिला लूप 3 तास 11 मिनिटं. दुसऱ्या लूपला वारा वाढला, जाताना स्पीड 20 वर आला, पण यावेळी दर पंधरा मिनिटांनी अलार्म लावून प्यायले, तहान असो नसो. वळणावरच्या एड स्टेशनला (पाणी-खाण्याच्या थांब्याला) चक्क उतरले. नऊ मिनिटं थांबले, सॉल्ट कॅप्सूल मागून घेतल्या, डोक्यावर पाणी, ट्रायसूटच्या आत बर्फ. बाकीचे सुसाट निघून गेले. येताना मुद्दाम 120 वॉट, स्पीडकडे बघायचंच नाही, दर एड स्टेशनला बाटलीभर पाणी अंगावर. 7 तास 5 मिनिटांत सायकल संपली.

रन म्हणजे 10.5 किमीचे चार लूप, आणि इथेही तोच वारा. सुरुवात वारा पाठीवर घेऊन. धावताना तर समोरून हवा लागतच नाही, भट्टीत चालल्यासारखं. सगळे वैतागून वळणाच्या आधी चालत होते आणि वळल्यावर समोरून वारा आला की धावायला लागत होते, म्हणजे जगाच्या उलटं. मीपण पेस सोडून दिला आणि तेच केलं, पाठीवर वारा असताना चालत-पळत, तोंडावर असताना पळत.

17 व्या किलोमीटरला खाल्लेलं एनर्जी जेल उलटून पडलं. उन्हात रक्त कातडीकडे धावतं आणि पोटाच्या वाट्याला काही उरत नाही, त्यामुळे सायकलवर तासाला 60 ग्रॅम कार्ब्स आरामात जात होते ते आता एक घोटही नको. आणि थोड्या वेळाने त्या उन्हात अंगावर काटा आला, थंडी वाजल्यासारखा. हे लक्षण माहीत होतं म्हणून वाचले. लगेच सावलीत बसले, मानेवर आणि काखेत बर्फ, दोन्ही मुठींत बर्फ. एक व्हॉलंटियर मुलगी वाकून विचारत होती, "ताई, नाव काय तुमचं? आज वार कोणता?" मी वार बरोबर सांगितला, नाव सांगायला वेळ लागला. आम्ही दोघी हसलो. सहा मिनिटांनी उठले.

तिथून पुढे पाण्यात मिसळलेलं कोला, दर एड स्टेशनला दोन घोट, तेवढंच. डोक्यावर ओतलेलं पाणी बुटांत जाऊन तळव्यांना फोड आले, पुढच्या वेळी टोपीतच बर्फ ठेवणार, ओतायचं नाही. तिसऱ्या लूपला सूर्य गेला, चौथ्याला वारा पडला, आणि मी अगदी हळू पण सलग पळत होते.

14 तास 46 मिनिटं. मेडल गळ्यात पडलं आणि दोन मिनिटांत दात वाजायला लागले, नवऱ्याने दोन टॉवेल गुंडाळले तरी थांबेना. कुणीतरी प्रेमाने बर्फाचा ग्लास पुढे केला. मी म्हटलं, "नको हो, गरम काही आहे का?"