पेडणे ते मिरामार : भाऊसाहेबांच्या समाधीपाशी

१२ ऑगस्ट. पेडण्याहून सकाळच्या बसने मी आणि मावशी निघालो. कोलवाळचा पूल येईपर्यंत दोन्ही बाजूंना भाताची हिरवीगार खाचरं, वर बारीक पाऊस. मावशीने ओटीत अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, जपून धरला होता. सत्तरी उलटलेल्या तिला आज गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या पुण्यतिथीला मिरामारला जायचंच होतं.

निघण्याआधी तिने ट्रंकेतून एक कागद काढून दाखवला. घड्यांवर झिजलेला, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा. त्यात कुळाच्या रकान्यात आजोबांचं नाव. त्या नावावर तिने बोट ठेवलं, मग किती तरी वेळ उचललंच नाही.

"भाटकारान भायर सर म्हटलें की भायर सरपाचें," ती म्हणाली. "मागीर भाऊसाहेब आयले." भाटकार म्हणजे जमीनमालक; त्याने बाहेर हो म्हटलं की जमीन सोडून निघायचं.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि दोन वर्षांनी पहिली निवडणूक झाली. पेडण्यात जन्मलेले, खाणमालक झालेले दयानंद बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. स्वतः खाणमालक, पण मतं मागितली ती कष्टकरी बहुजनांची, आणि त्यांना ते विसरले नाहीत. मला हीच गोष्ट मोठी वाटते. १९६४ च्या कूळ कायद्याने जमीन कसणाऱ्याला संरक्षण मिळालं. खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यातल्याच एका शाळेत मावशी पाटी घेऊन बसली. घरातली शिकलेली पहिली मुलगी ती. भाटकाराच्या जागेत घर बांधून राहणाऱ्या मुंडकारांसाठीचा कायदा १९७५ चा. तोवर भाऊसाहेब गेले होते आणि मुख्यमंत्रिपदी त्यांची मुलगी शशिकला काकोडकर होत्या.

कुळांचे आणि मुंडकारांचे कितीतरी दावे आजही निकालाची वाट बघत पडून आहेत, हे आठवलं की जीव तुटतो. कायदा झाला म्हणून कागद आपोआप हाती येत नाही. आजोबांनीही त्यापायी कितीएक हेलपाटे घातले.

म्हापसा, पर्वरी, मांडवीचा पूल, पणजीचा कदंब स्टँड. तिथून दुसरी बस. मिरामारला उतरलो तेव्हा पाऊस थांबला होता. सुरूच्या झाडांतून समुद्राचा वारा येत होता आणि वाळूवरची पावलं पाण्याने भरत होती. समाधीवर आधीच हार वाहिलेले होते. मावशीने चपला काढल्या, पदर सावरला, वळेसर ठेवला. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे तिच्या खात्यात महिन्याला जमा होतात. त्यातलं दयानंद हे नाव कुणाचं, हे तिने पासबुक पहिल्यांदा हाती आलं तेव्हाच मला सांगितलं होतं.

ती डोळे मिटून उभी राहिली. मी काही विचारलं नाही.

मग वळून म्हणाली, "चल, पेडण्याची बस चुकतली. गोरवांक उदक दिवपाचें आसा."