सर्वपित्रीचे वडे आणि कापलेली स्ट्रिप

ठाण्यातल्या एका रुग्णालयात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवायचं काम मी करते. नवरात्रात, पाचव्या माळेला, वॉर्डातून फोन आला, "अँटिबायोटिकची रिअ‍ॅक्शन आहे, फॉर्म भरून घ्या."

कळव्याच्या मावशी होत्या. अंगभर लाल पुरळ, सुजलेला चेहरा, ताप. रक्तात इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढलेले आणि लिव्हरचे रिपोर्टही बिघडलेले. अँटिबायोटिक सुरू होऊन जेमतेम चार दिवस झाले होते. एवढ्यात लिव्हरपर्यंत? मला पटेना.

"मावशी, आणखी कुठलं औषध चालू आहे?"

"औषध कसलं गं? ती युरिकची गोळी तेवढी."

सुनेने पिशवीतून स्ट्रिप काढली. मेडिकलवाल्याने कात्रीने कापून दिलेली. बॅच नंबर आणि एक्सपायरी कापल्या भागात गेलेली, नाव तेवढं शिल्लक होतं: अ‍ॅलोप्युरिनॉल, रक्तातलं युरिक अ‍ॅसिड कमी करणारं औषध. आणि ही गोळी सून वॉर्डातही रोज जेवणानंतर देत होती!

कधी सुरू केली? तारीख आठवेना, पण गौरी जेवल्या त्या दिवशी, हे पक्कं. आणि खाज? "सर्वपित्रीला वडे तळताना हात खाजत होते. मला वाटलं, तेलाची धग लागली." रात्री ताप भरला. अँटिबायोटिक आणलं ते दुसऱ्या दिवशी, घटस्थापनेला. म्हणजे खाज आधीची! मी कॅलेंडर उघडून दिवस मोजले. गौरीपूजनापासून सर्वपित्रीपर्यंत तीन आठवडे. या औषधाची 'ड्रेस' नावाची, पुरळ-तापासोबत लिव्हरलाही गाठणारी गंभीर रिअ‍ॅक्शन साधारण २ ते ८ आठवड्यांनीच डोकं वर काढते.

धावत रेसिडेंट डॉक्टरांना गाठलं. गोळी तिथल्या तिथे बंद झाली, स्टेरॉइड सुरू झालं. अँटिबायोटिकवर ठपका ठेवून मावशींना घरी सोडलं असतं तर ही गोळी चालूच राहिली असती. आठवलं की अजून छातीत धस्स होतं.

नोंद गाझियाबादच्या राष्ट्रीय समन्वय केंद्राकडे पाठवली, देशभरातल्या औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तिथे गोळा होतात. तिथून अशा नोंदी स्वीडनमधल्या उप्सालाच्या जागतिक साठ्यात जातात. औषधाला मंजुरी मिळण्याआधी चाचण्या होतात त्या फार तर काही हजार माणसांवर. दहा हजारांत एखाद्यालाच होणारा त्रास तिथे दिसणार कसा? तो दिसतो तो अशा एकेका फॉर्ममधून. गोळी थांबवल्यावर उतार पडला, म्हणून कारणाच्या रकान्यात 'संभाव्य' लिहिलं. पुन्हा देऊन खात्री करायचा प्रश्नच नव्हता, इथे तो खेळ जिवावर बेततो.

बॅच नंबरचा रकाना मात्र कोराच गेला. तो मला फार सलतो. मेडिकलवाल्यांना हात जोडून सांगणं आहे, स्ट्रिप कापावीच लागली तर नंबर बिलावर तरी येऊ द्या.

पुरळ पूर्ण जायला तीन आठवडे लागले. घरी निघताना मी गोळीचं नाव मोठ्या अक्षरात मराठीत एका कार्डावर लिहून दिलं आणि म्हटलं, कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की आधी हे दाखवायचं. मावशींनी ते बटव्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "सुनेच्या मोबाईलमधे पण टाक गं. बटवा मी विसरते."