फोटोला वास नसतो

आमच्या बेळगावात मिरग लागला की घरातल्या बायका डोळ्यांपेक्षा नाकावर जास्त भरवसा ठेवतात. कपाटातल्या चामडी चपलांवर भुरी येते, पापड मऊ पडतात, भिंतींना ओल फुटते आणि फडताळातली प्रत्येक बरणी संशयित ठरते. झाकण काढायचं, नाक आत घालायचं, निकाल द्यायचा. बरणीचा फोटो काढून दुसऱ्याला विचारायची पद्धत इकडे नाही.

ती माझ्या भाच्याने सुरू केली. हा वडगावात वाढलेला, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात उमेदवारी करून पुढे जर्मनीला गेलेला मुलगा. इथे कर्नाटकात परवान्याशिवाय घरी दारू गाळली किंवा बिअर केली तर अबकारीवाले दारात येतील. तिकडे ठरावीक मापापर्यंत घरच्या बिअरला करसुद्धा लागत नाही. त्यामुळे शनिवार-रविवार त्याचं हेच चाललेलं असतं. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राची प्रात्यक्षिकं घेत निवृत्त झाले. बिअर कधी जिभेला लावलेली नाही, तरी त्याच्या लेखी मी फुकटची पॅथॉलॉजी लॅब. रात्री उशिरा फोटो येतो, खाली एकच ओळ: ‘मावशी, बिघडलं काय गं हे?’

पहिला फोटो बघून माझ्या बहिणीने तोंडाला पदर लावला होता. बादलीच्या कडांना बळ्ळारी नाल्यात साचतो तसला तपकिरी फेस. खरं म्हणजे तो फेस चांगलं लक्षण. पहिले काही दिवस यीस्ट जोरात असतं, तेव्हा प्रथिनं, हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) चुरा आणि खुद्द यीस्ट मिळून वर हा थर धरतात. जर्मन लोक त्याला क्रॉयझन म्हणतात. जोर ओसरला की तो आपोआप बसतो. मागे तरंगत राहणारे मळकट गोळेही बहुधा यीस्टचेच. उलट लॅक्टोबॅसिलस, म्हणजे दूध आंबवणाऱ्या जातीचे जंतू, शिरलेली बिअर दिसायला अगदी साधी असू शकते, आणि आंबट झालीय हे घोट घेतल्यावरच कळतं. डोळा इतका वाईट साक्षीदार असून सगळे त्यालाच आधी बोलावतात, याचं मला नवल वाटतं.

डोळ्याने ओळखावं असं थोडंच आहे. फेस बसून गेल्यावर पृष्ठभागावर पातळ, कोरडी, सुरकुतलेली पांढरी साय धरली आणि तिच्याखाली बुडबुडे अडकलेले दिसले, तर पाहुणे आलेत असं समजावं. ब्रूअर, म्हणजे बिअर करणारे लोक, तिला पेलिकल म्हणतात. आमच्या मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्यांवर पावसाळ्यात जी साय येते ती याच गोतातली: वर हवा मिळाली की पसरणारी रानटी यीस्टं. कैऱ्यांवरची साय मी काढून टाकते आणि कैरी करकरीत असेल, वास बरा असेल, तर वापरते. केसाळ, हिरवी-काळी बुरशी दिसली मात्र सगळं ओतून टाकायचं. बिअरलाही हाच नियम. तिथे वरवर काढून घेण्याची काटकसर नको.

बाकी सगळा कारभार नाकाचा. म्हणून मी फोटोला उत्तरच देत नाही. विचारते, ‘वास घेतलास काय रे?’ लोण्यासारखा वास असेल तर तो डायअॅसिटिल नावाच्या रसायनाचा. ते निरोगी यीस्टही बनवतं आणि एक-दोन अंश जास्त ऊब देऊन चार दिवस थांबलं की परत खाऊनही टाकतं. पण लोण्याच्या वासासोबत बिअर घट्ट, तार धरणारी झाली तर पेडिओकॉकस या जंतूचा संशय घ्यावा. हिरव्या सफरचंदाचा वास आला तर माल बहुधा अजून कच्चा आहे. जखमेवरच्या चिकटपट्टीसारखा औषधी वास रानटी यीस्टमुळे येतो, तसा नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनमुळेही येतो. सगळा दोष जंतूंवर ढकलू नये. व्हिनेगरच्या वासाशी मात्र वाद घालता येत नाही. व्हिनेगर करणाऱ्या अॅसिटोबॅक्टर जंतूंना हवा लागते, आणि हवा आत कशी गेली? आमचे चिरंजीव दर संध्याकाळी झाकण उघडून फोटो काढत होते!

नाकानंतर हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजणारी तरंगती काचेची नळी. मोड आणलेल्या बार्लीच्या गोड काढ्याची घनता सुरुवातीला समजा १.०५० होती आणि ती १.०१० च्या आसपास येऊन दोन-तीन दिवस तिथेच राहिली, तर यीस्टचं काम झालं. ती थांबायचं नावच घेईना, १.००० कडे घसरत गेली, तर नेहमीच्या यीस्टला न पचणाऱ्या शर्करा दुसरं कुणीतरी खातंय. असा माल बाटलीत भरणं म्हणजे काचेचा बॉम्ब तयार करणं.

बहिणीचा प्रश्न वेगळाच होता: पोराला विषबाधा तर होणार नाही ना? बुरशी सोडली तर ती भीती फार धरू नये. तयार बिअरमध्ये अल्कोहोल असतं, तिचा पीएच चार ते साडेचारच्या घरात, म्हणजे आंबट बाजूला असतो, वर हॉप्सचा कडवटपणा. माणसाला आजारी पाडणारे जंतू तिथे सहसा तग धरत नाहीत. जपायचं असतं ते यीस्ट घालण्यापूर्वीच्या गोड काढ्याला. तो झटपट थंड करून त्यात लगेच भरपूर यीस्ट घालावं, म्हणजे दुसऱ्या कुणाला जागाच उरत नाही.

एक अख्खी बादली ओतून द्यावी लागली तेव्हा पोरगा फार खट्टू झाला. मी त्याला कार्ल्सबर्गचं सांगितलं. कोपनहेगनच्या त्या एवढ्या मोठ्या कारखान्याची बिअर बिघडायला लागली होती. एमिल ख्रिश्चन हॅन्सनने दाखवून दिलं की कारखान्याच्या यीस्टमध्येच रानटी यीस्ट मिसळलंय, आणि १८८३ मध्ये एका पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट तिथे वापरात आलं. कारखान्याने ते इतरांनाही देऊन टाकलं. बव्हेरियाच्या १५१६ च्या बिअरविषयक नियमात तर पाणी, बार्ली आणि हॉप्स एवढीच नावं आहेत. यीस्टचा पत्ताच नाही. त्या लोकांनी कशाकशाला शिव्या घातल्या असतील कोण जाणे.

मग साफसफाई. विद्यार्थी मळकट परीक्षानळी जंतुनाशकात बुडवून ‘झालं मॅडम’ म्हणायचे, तेच हा करत होता. आधी घासून मळ काढायचा, निर्जंतुक करायचं ते त्यानंतर. मळाच्या थराखाली जंतू सुखात राहतात. स्टीलचं भांडं उकळता येतं, काच धुता येते. ओरखडे पडलेली प्लास्टिकची बादली आणि रबरी नळ्या मात्र मी सरळ टाकायला लावल्या. तोटी खोलून बघ म्हटलं, तर आत काय निघालं ते इथे लिहीत नाही. संशयित बाटल्या आधी फ्रिजमध्ये ठेवायच्या, मग डोळ्यांना चष्मा, हातात जाड मोजे आणि बाटलीभोवती टॉवेल घेऊन, बेसिनवर धरून एकेक उघडायची. यात लाजायचं काही नाही.

त्याच्या बिअरची एक खेप आंबट निघाली, पण वास छान, तार नाही, बुरशी नाही. ती त्याने ठेवून दिलीय. ब्रुसेल्सच्या आसपास लांबिक नावाची आंबट बिअर करणारे थंडीच्या दिवसांत काढा रात्रभर उघड्यावर ठेवून हवेतले जंतू मुद्दाम बोलावतात आणि पिंपात वर्षानुवर्षं मुरवतात, असा दाखला मलाच देऊन झाला. ठेव म्हटलं, पण तिची बादली आणि नळी वेगळी ठेव.

बहीण शेजारी बसून ऐकत होती. तिने फोन माझ्या हातातून घेतला. ‘आंबटच प्यायचं हाय तर आंबील कर की रे, नाचणीची. पोटाला थंड तरी.’

आता तो स्टुटगार्टात नाचणीचं पीठ शोधतोय.