सहा इंची आरसा, पुढचा अपडेट: कड गेली, पिच बदललं, गोल परत मिळाला

मागच्या वेळी मी घरी बनवत असलेल्या दुर्बिणीचा आरसा सेरियमवर, म्हणजे पॉलिशच्या पावडरीवर, आलाय एवढंच लिहिलं होतं. नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगते, १५० मिमी व्यास, फोकल लेंथ १२०० मिमी, म्हणजे व्यासाच्या आठपट, एफ ८, साधी प्लेट ग्लास, आणि घर कळव्यात, रुळांपासून फार लांब नाही, हे पुढे कामाला येणारंय. ध्येय एकच, स्वतः घासलेल्या काचेतून शनीची कडी बघायची.

पॉलिश मस्त झाली होती. लेझर तिरका मारून बघितला तरी काचेवर ठिपका दिसेना, म्हणजे सगळे बारीक खड्डे गेले. मग पॅसेजमध्ये आरशाचा आकार तपासणारी फूको टेस्ट लावली, एका टोकाला आरसा, फोकल लेंथच्या दुप्पट म्हणजे २४०० मिमीवर एलईडी आणि ब्लेड. १८५८ च्या सुमाराला लेऑं फूकोने काढलेली ही युक्ती, एक ब्लेड आणि एक बारीक उजेड, आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान चढउतार डोळ्याला सावलीत दिसतात, मला अजूनही दर वेळी भारी वाटतं. तर आरशाच्या दोन्ही बाजूंना केसाएवढी उजेडाची रेघ दिसायला हवी, ती एका बाजूला होती आणि दुसऱ्या बाजूला नव्हतीच. कड गेली, म्हणजे काठाशी काच जास्त घासली जाऊन खाली उतरली, टर्न्ड डाउन एज.

वाईट वाटलं, खूप वाटलं. पण डोंबिवलीचे एक काका आहेत, त्यांनी कितीतरी आरसे केलेत, ते फोनवर म्हणाले, "अगं, आरसा बाजूला ठेव आणि आधी पिचकडे बघ." तेच केलं. पिच म्हणजे डांबरासारखा चिकट पदार्थ, त्याच्या चौकोनांच्या थरावर, म्हणजे लॅपवर, काच पॉलिश होते. लॅपच्या कडेचे चौकोन बाहेरून फुगलेले आणि मधल्या चरा जवळपास बुजलेल्या. हे पिच मी जानेवारीत ओतलेलं, तेव्हा ते बरोबरच होतं, आणि मे महिन्यात दुपारी आमच्या स्वयंपाकघरात पारा छत्तिसाच्या पुढे जातो, मग ते नरम पडतं, कडेशी उचलून येतं आणि काचेची कडच जास्त खातं. म्हणजे घासण्यात काही बदललं नव्हतं, हवा बदलली होती! आता लॉगमध्ये दर वेळी खोलीचं तापमान लिहिते, आणि मला वाटतं आपल्याकडे ठाण्या-मुंबईच्या हवेत हे सगळ्यांनीच लिहावं, कारण परदेशी पुस्तकांतली पिचची प्रमाणं त्यांच्या थंड तळघरांसाठी असतात.

दोन रस्ते होते. कडेला ३ मिमीची काळी पट्टी लावायची, १४४ मिमी उरतात, साधारण ८ टक्के उजेड जातो आणि विषय संपला, यात काहीही कमीपणा नाही, बरेच लोक करतात. किंवा परत ६०० ग्रिटवर, म्हणजे पॉलिशच्या आधीच्या बारीक घासण्याच्या पावडरीवर, जायचं. मी दुसरं निवडलं, कारण कड पिचमुळेच गेली का हे मला कळून घ्यायचं होतं, पट्टी लावली असती तर ते कळलंच नसतं.

नवीन पिच कडक व्हावं म्हणून त्यात रोझिन, म्हणजे राळ, थोडं थोडं वाढवत गेले. दर वेळी चमचाभर काढून, खोलीच्याच तापमानाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून अंगठ्याचं नख दाबायचं. लगेच रुतलं तर नरम, कडकन तुटलं तर फारच कडक, जोर देऊन पाच-सहा सेकंदांनी हलकी खूण उमटली की थांबायचं. स्ट्रोकही आखूड केले, व्यासाच्या एक तृतीयांशाच्या आतच, आणि काम पहाटे.

मध्येच एक ओरखडा पडला, शेजारच्या बिल्डिंगचं रीडेव्हलपमेंट चालूये, खिडकी बंद असूनही धूळ येतेच. आता खिडकीला ओला पंचा असतो. ओरखडा तसाच ठेवलाय, एका ओरखड्याने प्रतिमेला काही होत नाही, थोडासा उजेड विखुरतो इतकंच.

टेस्टिंगचंही शिकायला मिळालं. लोकल गेली की सावली थरथरते, त्यामुळे शेवटची लोकल गेल्यावरच बसते, पंखा बंद. आणि पॉलिश झाल्या झाल्या मोजायचं नाही. प्लेट ग्लासचं प्रसरण पायरेक्स या कमी फुगणाऱ्या काचेच्या जवळपास पावणेतीन पट, हाताच्या उबेने आकार बदललेला असतो. दोन तास तसाच ठेवते, मग आकडे स्थिर येतात.

आणि परवा रात्री ब्लेड आत सरकवलं तर अख्खा आरसा एकदम राखाडी झाला, डावीकडून नाही उजवीकडून नाही, सगळा एकाच वेळी, म्हणजे आकार गोलाच्या तुकड्यासारखा, आणि दोन्ही बाजूंच्या रेघा जागेवर! आईला झोपेतून उठवून दाखवलं, तिला सावलीतलं काही कळलं नाही पण तिने पूर्ण बघितलं.

या मापाला नुसता गोल आकारसुद्धा पाव वेव्हच्या, म्हणजे उजेडाच्या लहरीच्या पाव लांबीएवढ्या चुकीच्या, जवळपास येतो, पण शनीसाठी मला पॅराबोला, म्हणजे मध्ये किंचित जास्त खोल आकार, हवाच. एलईडी स्थिर ठेवून मधल्या भागापासून कडेपर्यंत ब्लेड साधारण २.३ मिमी सरकायला हवं, त्यासाठी डब्ल्यू अक्षरासारखे घासण्याचे स्ट्रोक थोडे थोडे, आणि प्रत्येक वेळी थंड करून मोजणं. पावसाळाभर आकाश नाहीच, तेवढ्यात हे आणि मग अ‍ॅल्युमिनियम कोटिंग. २०२५ च्या मार्चमध्ये कडी आपल्याकडे अगदी धारेवर, म्हणजे एका बारीक रेघेसारखी, होती, आता हळूहळू उघडतायत, त्यामुळे उशीर झाल्याचं दुःख नाही.

पावसाळ्यातल्या दमट हवेत कुणी पिच ओतलं असेल तर रोझिनचं प्रमाण आणि तेव्हाचं तापमान, दोन्ही सांगा प्लीज.