अडीच सुती बोल्ट आणि चार दारांची नोव्हा

पगाराच्या कागदावर माझं पद काहीही असो, शॉपमध्ये मी बोल्टवाला. डेट्रॉइटच्या पश्चिमेला इप्सिलांटीजवळ आमचं सहा माणसांचं गॅरेज आहे, साठ-सत्तरच्या दशकातल्या मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाच्या अमेरिकन गाड्या, फॅक्टरीतून निघाल्या तशा परत उभ्या करायच्या एवढाच धंदा. इंजिनवाला वेगळा, पत्रा-पेंटवाला वेगळा, आणि गाडी जोडायची वेळ आली की कुठल्या भोकात कुठला बोल्ट जाणार, त्याच्या डोक्यावर कुठली अक्षरं पाहिजेत, तो काळा पाहिजे का चकचकीत, हे बघणारा मी. घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई म्हणाली, म्हणजे एमएस करून नटबोल्ट वेचतोस. हो, तेच.

ही गोष्ट मागच्या मार्चमधली. गाडी होती १९६९ ची शेव्हरोले कॅमेरो, झी-२८. ३०२ क्युबिक इंचाचं इंजिन, कारण ट्रान्स-ॲम रेसमध्ये ३०५ च्या वर चालत नव्हतं, आणि त्या वर्षी झी-२८ बनल्या बरोब्बर २०,३०२, आकडा बघून कुणी थट्टा केली असं वाटतं पण खराय. आमची ओहायोतल्या नॉरवुडच्या फॅक्टरीतली, फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिनमागच्या पत्र्यावरच्या, टॅगवर ०४सी, म्हणजे एप्रिलचा तिसरा आठवडा. इंजिन तिचंच, गिअरबॉक्स तिचाच, दोन्ही फेंडर, म्हणजे पुढच्या चाकांवरचे पत्रे, तेसुद्धा तिचेच. पण ऐंशीच्या दशकात कुणीतरी उत्साहाच्या भरात पूर्ण खोलली आणि मग लग्न झालं का नोकरी गेली देव जाणे, तीस वर्षं तशीच पडून. आताचे मालक रिटायर्ड ट्रक ड्रायव्हर, त्यांनी ती खोक्यांमधून विकत घेतली, आणि सगळे बोल्ट मिळाले एका बादलीत. लेबल नाही, पिशव्या नाहीत. बादली.

तीन दिवस मी ती बादली निवडत होतो, आजी तांदूळ निवडायची तसा. मधल्या कुठल्यातरी मालकाने हार्डवेअरच्या दुकानातले बोल्ट आणून टाकलेले, त्यात मेट्रिकसुद्धा. आता आठ एमएमचा बोल्ट आणि पाच-सोळांश इंचाचा बोल्ट जाडीला जवळजवळ सारखेच, पण आट्यांचं अंतर वेगळं, त्यामुळे पहिले दोन-तीन आटे गोडीत जातात आणि मग माणूस म्हणतो गंज असेल, लाव जोर, आणि आतले आटे गेले. अशी चार भोकं सापडली या गाडीत.

इंचाची मला अडचण येत नाही याचं इथल्या लोकांना नवल वाटतं. माझ्या वडिलांचं कोल्हापुरात उद्यमनगरात दोन लेथचं वर्कशॉप, तिथं अजून कारागीर सुतात बोलतात, आठ सुतांचा एक इंच. पाच-सोळांश म्हणजे अडीच सूत, तीन-अष्टमांश म्हणजे तीन सूत. मी हातात घेऊन सांगतो अडीच सुती आहे, मग पाना लावून बघतात तर तेच. अमेरिकेने मसल कार बनवल्या आणि त्यांचे बोल्ट ओळखायला शिकलो मी उद्यमनगरात, ऑइलच्या वासात.

आता डोक्यावरच्या खुणांबद्दल सांगायला पाहिजे नाहीतर पुढचं कळणार नाही. बोल्टाच्या डोक्यावर तीन रेघा असल्या तर ग्रेड पाच, सहा असल्या तर ग्रेड आठ, हे ताकदीचं झालं. त्याशिवाय बनवणाऱ्याची अक्षरं असतात, टीआर, डब्ल्यूबी, आरबीडब्ल्यू वगैरे. आरबीडब्ल्यू म्हणजे रसेल, बर्डसॉल अँड वॉर्ड, बोल्ट बनवणारी जुनी कंपनी. आज ग्रेडची खूण असलेल्या प्रत्येक बोल्टावर बनवणाऱ्याची खूण लागते ती १९९० च्या कायद्यामुळे, कारण ऐंशीच्या दशकात खोटे ग्रेड आठचे बोल्ट बाजारात आले होते. पण १९६९ मध्ये या खुणा कंपन्या आपापल्याच टाकायच्या, आणि त्यातल्या कितीतरी आता मिळतच नाहीत. म्हणून जुन्या गाड्यांच्या शोमध्ये, जिथं गाडी फॅक्टरीतल्यासारखी आहे का यावर मार्क मिळतात, तिथले जज टॉर्च आणि आरसा घेऊन वाकून डोकी वाचतात. बाहेरच्या माणसाला हे वेड वाटतं. मलाही काही काही दिवशी वाटतं.

आमच्याकडे त्याच महिन्यात बनलेल्या, कुणी हात न लावलेल्या एका कॅमेरोचे फोटो होते. त्यात फेंडरच्या वरच्या रांगेत टीआर दिसत होते, अडीच सुती, काळे, वायसर अंगालाच अडकवलेला म्हणजे सुटा निघत नाही असले. बादलीतून तसे मोजके निघाले आणि सात कमी पडले. बाकी जे निघाले, आरबीडब्ल्यूवाले वगैरे, ते मी 'चुकीचे' म्हणून कॉफीच्या डब्यात टाकून फळीवर ठेवून दिले. हा डबा लक्षात ठेवा.

सात बोल्ट. नवे रिप्रॉडक्शन मिळतात, पण अक्षरं जाड आणि कडक, नव्या चपलेसारखी. पेनसिल्व्हेनियात हर्शीला मोठा जुना बाजार भरतो तिथं मिळाले असते, पण तो ऑक्टोबरात. रविवारी बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "आरं सात बोल्टासाठी एवढं? तू फोटू पाठीव, हितं खराडून देतो की, डोस्क्यावर पंच मारून." म्हणलं बाबा पंचने अक्षर आत जातं, हे वर आलेलं आहे, डोकं ठोकतानाच डायमध्ये. जरा गप्प बसले आणि म्हणाले, "मग डाय करूया. किती पायजेत?" आणि हा माणूस खरंच करेल याची मला खात्री होती म्हणून मीच विषय बदलला. बोल्ट बाबांचा चांगलाच असता, पण टीआर खोटं असतं.

मंगळवारी पहाटे निघालो, ओहायोत टोलिडोच्या खाली दीडेक तासावर एक जुनं यार्ड आहे तिकडे. नेमकं कुठे ते सांगणार नाही. आमच्या धंद्यात माणूस एकवेळ पगार सांगेल पण यार्डाचा पत्ता नाही. युक्ती अशी की कॅमेरो शोधायचीच नाही, कॅमेरो पन्नास वर्षांत सगळ्यांनी सोलून नेलीय. शोधायची त्याच वर्षाची शेव्हरोलेचीच साधी गाडी, नोव्हा, तीही चार दारांची, सहा सिलिंडरची, जिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. खालचं पुढचं सबफ्रेम दोघींचं जवळपास एकच, कंपनी एकच, बोल्ट पुरवणारे तेच. श्रीमंत बहिणीचे दागिने गरीब बहिणीच्या पेटीत सापडतात ते असे.

यार्डाचा मालक ऐंशीच्या पुढचा. मी म्हणालो मला बोल्ट पाहिजेत, तर म्हणाला, "कशाचे?" म्हणलं नुसते बोल्टच. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी त्याच्याकडे हवा मागतोय. मग चिखलातून बोट दाखवलं, शेवटची रांग, झाडाच्या अलीकडे. बर्फ वितळायला लागलेला, बूट घोट्यापर्यंत आत, आणि त्या रांगेत एक हिरवी नोव्हा, मागच्या सीटवर पालापाचोळा, एअर क्लीनरमध्ये उंदराचं घर. टॅग घासून वाचला. ०४बी, विलो रनची फॅक्टरी. म्हणजे आमच्या शॉपपासून दहा मिनिटांवर बनलेली गाडी शोधायला मी ओहायोत आलो होतो.

हूड उघडलं आणि पहिलाच बोल्ट टीआर. दुसरा टीआर. मी जोरात शिटी मारली. तिसरा घासला तर आरबीडब्ल्यू. म्हणलं कुणीतरी बदललेला असणार. चौथा टीआर, पाचवा परत आरबीडब्ल्यू. पण ही गाडी कधी ठोकलेलीच नव्हती, फेंडरवर फॅक्टरीचा रंग, बोल्टाखालचा रंग न तुटलेला, पन्नास वर्षांत त्यांना पाना लागलाच नव्हता. म्हणजे लाइनवरच्या माणसाने एका पेटीतून टीआर लावले, पेटी संपली, दुसरी पुढे ओढली. त्याला काय पडलंय, त्याला मिनिटाभरात पुढची गाडी येणार आहे.

मी हे सगळं इतकी वर्षं करतोय आणि मला हे तोंडी माहीत होतं, सगळेच म्हणतात फॅक्टरीत मिसळ व्हायची म्हणून. पण एकाच फेंडरच्या एकाच रांगेत समोर बघितलं आणि पोटात गोळा आला, कारण मला कॉफीचा डबा आठवला.

मग अजून एक दिसलं. एक आरबीडब्ल्यू सोडवला तर रंगावर वायसरचा गोल ठसा, आणि शेजारच्या टीआरचा ठसा त्याच्यापेक्षा लहान. व्हर्नियर लावला. टीआरचा वायसर सहा सूत भरला, आरबीडब्ल्यूचा साडेसहा. आमच्या कॅमेरोच्या उजव्या फेंडरचा रंग दोन आठवड्यांपूर्वीच सोलून झाला होता, ठसेही त्याबरोबर गेले. डावा अजून जुन्या रंगात भिंतीला टेकवलेला होता, आणि तो रंग सोलायला ब्लास्टला जाणार होता मंगळवारी. म्हणजे आज.

यार्डात रेंज नाही. पळत, म्हणजे चिखलात जेवढं पळता येतं तेवढं, गेटापर्यंत आलो आणि पत्रेवाल्याला फोन लावला. तो उचलेना. कॉम्प्रेसर चालू असला की त्याला बॉम्ब पडला तरी ऐकू येत नाही. तिसऱ्यांदा ऑफिसच्या फोनवर लावला आणि ओरडलो डावा फेंडर थांबवा, तर पलीकडून बॉस म्हणाला, का, काय झालं, तडा आहे का? म्हणलं नाही, गोल आहेत. तो म्हणाला, कसले गोल. म्हणलं प्लीज, आल्यावर सांगतो, फक्त हात लावू देऊ नका.

परत जाऊन बोल्ट काढायला बसलो. तेल मारायचं, थांबायचं, जरा घट्ट करायचं आणि मग सोडवायचं, बाबांनी शिकवलेलं, गंजलेला बोल्ट आधी आवळून मग सोडवायचा. आठ टीआर होते, सात निघाले, आठव्याचं डोकं पान्यात तुटून आलं. सात पुरे होते. मालकाने मूठ बघितली, चाळीस डॉलर म्हणाला, मी घासाघीस न करता दिले तेव्हा त्याला वाटलं चुकलंच, ऐंशी मागायला पाहिजे होते.

शॉपवर पोचलो तर डावा फेंडर जसाच्या तसा, वर कुणीतरी खडूने 'गोल' असं इंग्रजीत लिहून ठेवलेलं. टॉर्च आडवा धरला. धूळ, ग्रीस, आणि त्याखाली फॅक्टरीच्या काळ्या रंगावर ठसे. पहिला सहा. दुसरा साडेसहा. तिसरा साडेसहा. फळीवरून कॉफीचा डबा काढला आणि माझे 'चुकीचे' बोल्ट एकेक करून ठेवत गेलो. चार बसले, चारही. एकाच्या वायसरखाली रंगाचा टवका होता तो फेंडरवरच्या खळग्यात असा बसला की पत्रेवाला बघायला आला तो तिथेच उकिडवा बसला.

म्हणजे मी गाडीचे स्वतःचे चार बोल्ट चुकीचे म्हणून काढून टाकले होते आणि ते शोधायला दुसऱ्या राज्यात गेलो होतो.

सगळे बोल्ट काकवीत टाकले. इथं गुरांच्या खाद्याच्या दुकानात मळी मिळते, एकास नऊ पाणी घालून दोनेक आठवडे बुडवून ठेवायचे, गंज सुटतो आणि अक्षराची धार जात नाही. ॲसिड लवकर काम करतं पण लोखंडातही खातं, आणि कडक बोल्टांना त्याने आतून ठिसूळपणा येतो, हेड कधी उडेल सांगता येत नाही. शॉपमध्ये सगळे नाक धरतात. मला मात्र तो डबा उघडला की गुऱ्हाळावर उभं असल्यासारखं वाटतं. मग बारीक काचेच्या मण्यांनी हलकं ब्लास्ट, नव्वद अंशाच्या वर तापवलेलं फॉस्फेट, आणि तेल. काळा पण मखमली काळा येतो, पेंटसारखा नाही.

भांडण झालं ते लावताना. बॉस म्हणाला दोन्ही बाजू टीआर लाव, जजला दिसायला एकसारखं. मी म्हणालो डावीकडे ठशाप्रमाणे. शेवटी मालकांना फोन केला, ते म्हणाले, डावीकडे तिचे तिचे लाव. उजवीकडचे ठसे आम्हीच घालवलेले, तिथं यार्डाचे सात आणि बादलीतले टीआर लागले.

शरद ऋतूत शो झाला. जज डावीकडे वाकला, आरसा फिरवला, थांबला. "इथं मिसळ का?" मी फाइल काढली, ठशांचे फोटो, व्हर्नियरसकट, मग नोव्हाचे. त्याने सगळे नीट बघितले. "नोव्हा विलो रनची आहे, ही नॉरवुडची," म्हणाला. बरोबर होतं. "आणि हे ठसे १९७५ साली एखाद्या बॉडी शॉपनेही पाडले असतील." तेही अगदीच चूक नव्हतं, मी टवक्याचा फोटो पुढे सरकवला, त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. एक पॉइंट कापलाच. उजवीकडे, जिथं अर्ध्याहून जास्त बोल्ट हिरव्या नोव्हाचे होते, पूर्ण मार्क.

पुढच्या गाडीकडे जाता जाता तो मागे वळला आणि हळू आवाजात म्हणाला, ते यार्ड ओहायोत नेमकं कुठे?

म्हणलं, आठवत नाही.