मँडेलब्रॉट संचाला रंग देताना

मँडेलब्रॉट संचाची झगमगती चित्रे पाहणाऱ्या अनेकांना कल्पना नसते की गणिताने त्यात एकही रंग दिलेला नाही. प्रतलावरचा एक बिंदू, म्हणजे एक संमिश्र संख्या घ्यायची, शून्यापासून सुरुवात करून आलेल्या उत्तराचा वर्ग करायचा आणि त्यात तीच संख्या पुन्हा पुन्हा मिळवत राहायचे. उत्तराचे आरंभबिंदूपासूनचे अंतर कधीच २ च्या पलीकडे गेले नाही, तर तो बिंदू संचातला, एरवी बाहेरचा. ब्रूक्स आणि मॅटेल्स्की या गणितज्ञांनी १९७८ मध्ये काढलेली संचाची आकृती नुसत्या तारकाचिन्हांची होती. ऑगस्ट १९८५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या मुखपृष्ठावर मात्र हाच संच रंगीत झळकला.

रंग येतो तो बाहेरच्या बिंदूंना, आणि तो निवडणाराच ठरवतो. ही कृती किती वेळा, म्हणजे किती पायऱ्या, केल्यावर उत्तर २ च्या पलीकडे निसटले ती संख्या रंगपट्टीशी जोडली, की चित्र तयार होते. परंतु पायऱ्या पूर्णांकात असल्यामुळे रंगांचे ठळक पट्टे पडतात. निसटतानाच्या अंतराचा दोनदा लॉगरिदम घेऊन पायरीला अपूर्णांकाची जोड दिली, तर हे पट्टे एकमेकांत विरघळतात. माझ्या मते फ्रॅक्टल-कलेतील, म्हणजे कितीही मोठे केले तरी नवे तपशील दाखवणाऱ्या अशा आकृत्यांच्या कलेतील, खरी चित्रकारी इथे सुरू होते, कारण सूत्र सर्वांचे एकच असते.

मला सर्वाधिक आवडतो तो −०.७५ या बिंदूजवळचा, समुद्रघोड्यांची दरी म्हणून ओळखला जाणारा भाग. या बिंदूच्या सरळ वर ०.१ अंतरावर निसटायला ३३ पायऱ्या लागतात, ०.०१ वर ३१५ आणि ०.००१ वर ३१४३. अंतराला पायऱ्यांनी गुणत गेले की पाय (π, म्हणजे ३.१४…) ही संख्या जवळ येते. हे डेव्ह बोल यांना १९९१ मध्ये आढळले, आणि त्याचे नवल मला अजूनही वाटते.

चित्र मोठे करत फार खोल गेल्यावर संगणकाची नेहमीची सोळाएक अंकांची अचूकता अपुरी पडून चित्राचे चौकोनी ठोकळे होतात. के. आय. मार्टिन यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत एकाच बिंदूचे गणित पूर्ण अचूकतेने करून इतरांसाठी फक्त त्याच्यापासूनचा फरक मोजला जातो, त्यामुळे घरच्या संगणकावरही ही खोली आवाक्यात आली. तिथे शेजारच्या बिंदूंच्या पायऱ्यांत प्रचंड तफावत असल्याने रंगपट्टी विस्कटते. म्हणून मी तेथे पायऱ्या सोडून संचापासूनच्या अंदाजित अंतरावरून रंग ठरवते.